पद मान्य, तारीख नाही

रेश्मा वेखंडे शेणव्याची. शहापूरच्या कॉलेजातून बी.ए. झाली, मराठी-इंग्रजी टायपिंगच्या दोन्ही परीक्षा दिल्या आणि शहाण्णव साली मुरबाडच्या एमआयडीसीत शेतीची अवजारं बनवणाऱ्या एका कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागली. रोज सकाळी किन्हवली, सरळगाव करत एसटीनं मुरबाड, आणि संध्याकाळी त्याच वाटेनं परत. घरी वडील कोंडू, आई आणि दीड एकर भात. वडील चौथी शिकलेले. पेपर हळूहळू, ओठ हलवत वाचायचे, पण वाचायचे.

कारखान्यात लागल्यावर सहा महिन्यांत तिच्यासमोर फवारणी पंपाच्या माहितीपुस्तिकेचा कागद टायपिंगला आला. शहरातल्या कोणा माणसाकडून इंग्रजीवरून भाषांतर करून घेतलेलं होतं. त्यात एक वाक्य होतं, ‘प्रचालकाने दंडाचे परिभ्रमण नियंत्रित ठेवावे.’ रेश्मानं ते घरी नेऊन वडिलांना वाचायला दिलं. कोंडूनं दोनदा वाचलं आणि विचारलं, दंड कसला, पंप घेतल्यावर फाइन भरायचा काय? ती हसली, पण दुसऱ्या दिवशी तिला ते वाक्य टाइप करवेना. ती दुपारी वर्कशॉपमध्ये गेली आणि फिटर साईनाथदादांना म्हणाली, हा पंप मला चालवून दाखवा, मला यातलं काही येत नाही असं समजून दाखवा.

साईनाथ पन्नाशीचे, तानशाकडचे. त्यांनी पंप पाठीला लावून दाखवला, उघडून दाखवला, पुन्हा जोडला. ती शेजारी स्टुलावर बसून लिहीत गेली. दांडा खाली-वर करा. एका बाजूनं हवा सुटत असेल तर आतलं रबर बघा. आदल्या दिवशी वापरून ठेवलेला पंप सकाळी तसाच वापरू नका, आधी पाण्यानं धुवा. घरी वडिलांना वाचायला द्यायची. ते जिथं अडत तिथं बोट ठेवत, आणि ती ते वाक्य मोडून पुन्हा बांधायची. मॅनेजरसाहेबांनी तिची पुस्तिका छापायला पाठवली, कारण भाषांतरवाल्याला पुन्हा पैसे द्यावे लागणार नव्हते. पुढच्या चार वर्षांत तिनं सहा पुस्तिका लिहिल्या. पगारपत्रकावर मात्र ‘टंकलेखक’ तसंच राहिलं.

एकदा पेपरात तिला जाहिरात दिसली. मुंबईतल्या एका कॉम्प्युटर कंपनीला टेक्निकल रायटर हवे होते. ती जाहिरात तिनं कँटीनमध्ये दाखवली. आपण जे करतो त्याला नाव आहे, हे तिला त्या दिवशी कळलं होतं आणि ते कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं.

टेबलावर शेखर सर होते. डिझाइनचे इंजिनीअर, डोंबिवलीहून येणारे, वयानं तिच्याएवढेच. त्यांनी जाहिरात वाचली आणि सरळ सांगितलं की याला व्यवसाय म्हणता येणार नाही. डॉक्टरला शरीर माहीत असतं, वकिलाला कायदा. यंत्र ज्यानं काढलं त्यालाच यंत्र माहीत. उरलेला माणूस लिहितो ते शुद्धलेखन.

साईनाथ चहा पीत होते. ते म्हणाले, “मंग तुमीच लिवा ना सर. तुमी त्या कोळपणी यंत्राचं लिवलं होतं, ते आपल्या वेल्डरला पण नाय कललं.”

शेखर सरांना राग आला नाही. ते म्हणाले, न कळणं हा वाचणाऱ्याचा प्रश्न. बरोबर लिहिणं हा माझा. मग बराच वेळ वाद चालला. ज्याला यंत्र उघडता येत नाही त्यानं यंत्राबद्दल लिहावं का? मराठी चांगलं असलं की पुरे का? मग शाळेतले मास्तर का नाही लिहीत? रेश्मा ऐकत होती. यंत्र तिला काढता येत नव्हतं, दुरुस्तही करता येत नव्हतं. मग आपल्याला नेमकं काय येतं, हा प्रश्न तिला टोचला. ज्याला माहीत नाही तो कुठं अडेल हे मला आधी दिसतं, असं काहीतरी तिच्या मनात आलं. पण ते इतकं लहान वाटलं की ती बोलली नाही.

तरी तिनं पद बदलून मिळावं म्हणून अर्ज केला. तीन आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं. कंपनीच्या पदरचनेत असे पद नाही.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात कारखान्यानं भाताचं मळणी यंत्र काढलं. विजेच्या मोटरवर चालणारं, आत दातेरी ड्रम, वरून पूर्ण पत्र्यानं झाकलेलं. एका बाजूला छोटं झाकण होतं. पेंढा अडकला की ते उघडून काढायचा. पुस्तिका अर्थातच रेश्माकडे आली. साईनाथदादांनी यंत्र चालवलं, बंद केलं आणि झाकणाकडे हात नेला, पण तिथंच थांबले. तिनं विचारलं, का थांबलात? ते म्हणाले, ड्रम जड हाय, मोटर बंद झाली तरी फिरतो. दोघांनी मिळून आकडे मोजले. एकदा त्रेचाळीस झाले, एकदा अठ्ठेचाळीस. एवढा वेळ आत ड्रम फिरत होता आणि बाहेरून काही दिसत नव्हतं.

तिनं लिहिलं, ‘मोटर बंद केल्यावरही आतला ड्रम फिरत राहतो. सावकाश साठपर्यंत आकडे मोजा. ड्रम थांबलेला डोळ्यांनी पाहा. मगच हात घाला.’

शेखर सरांनी तपासायला घेतलेल्या प्रतीत त्या चार वाक्यांवर लाल रेघ मारली. त्यांच्या जागी एकच वाक्य लिहिलं, ‘पेंढा अडकल्यास मोटर बंद करून पेंढा काढावा.’ रेश्मा त्यांच्याकडे गेली. त्यांनी शांतपणे समजावलं. आकडे मोजणं हे माप नव्हे. शिवाय असं छापलं की गिऱ्हाइकाला वाटेल यंत्रातच खोट आहे. मोटर बंद केली की थांबायचं असतं हे कोणालाही कळतं. ती म्हणाली, कोणालाही म्हणजे कोणाला? त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, रेश्मा, प्रेसवाला खाली थांबलाय.

ती एक दिवस अडून बसली. फक्त एक. दुसऱ्या दिवशी तिनं शेखर सरांचं वाक्य टाइप केलं आणि पान सात छापायला दिलं. लाल रेघांची प्रत तिनं नेहमीप्रमाणे फाइलला लावून आपल्या खणात ठेवली.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. किन्हवलीच्या अलीकडच्या एका गावात खळ्यावर काम करणाऱ्या बाईचा हात यंत्रात गेला होता. उजव्या हाताची तीन बोटं. नाव सावळी. गावाबाहेरच्या वाडीतली, मजुरीवर आलेली. पेंढा अडकला, मोटर बंद केली, झाकण उघडलं आणि हात घातला.

फोन रेश्मानंच घेतला होता.  मोटर बंद होती हो, सांगणारा माणूस पुन्हा पुन्हा म्हणत होता, मोटर बंद होती. तिनं निरोप लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवला, जागेवर येऊन बसली आणि पुस्तिकेचं सातवं पान उघडलं. ते एकच वाक्य होतं. सावळीनं त्या वाक्यात सांगितलं होतं तेवढं सगळं केलं होतं.

त्या दिवसापासून रेश्माला जेवण जाईना. एसटीत बसली की शेजारच्या बायकांच्या हातांकडे लक्ष जायचं. आईनं विचारलं, बरं नाय काय? तिनं पित्ताचं निमित्त सांगितलं. वडिलांना मात्र तिनं पान दाखवलं, आणि मग खोडलेली प्रतही दाखवली. कोंडूनं दोन्ही वाचलं.  ते एवढंच म्हणाले, की हे छापलेलं मी वाचलं असतं तर मी पण हात घातला असता.

तिला वाटलं होतं वडील म्हणतील, तुझी काय चूक, खोडलं त्यांनी. ते त्यांनी म्हटलं नाही.

आठवड्यानं मॅनेजरसाहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं, एरवी ती उभीच असायची. चहा मागवला. कामगार खात्याचे अधिकारी येत्या गुरुवारी चौकशीला येणार होते, असं ते म्हणाले, आणि एक पाकीट तिच्यापुढे सरकवलं. आत कंपनीच्या कागदावर टाइप केलेलं पत्र होतं. श्रीमती रेश्मा कोंडू वेखंडे यांची तांत्रिक लेखक या पदावर नेमणूक करण्यात येत आहे. माहितीपुस्तिकांच्या संपूर्ण मजकुराची जबाबदारी त्यांची राहील.

एक क्षण तिला आनंद झाला. खरा, पोटातून आलेला आनंद. नंतर पुढे कित्येक वर्षं तिला त्या क्षणाची लाज वाटत राहिली. मग तिची नजर तारखेवर गेली. पहिली एप्रिल, दोन हजार एक. पुस्तिका छापली होती सप्टेंबरात, म्हणजे पत्रानुसार तेव्हा ती आधीच लेखक होती.

साहेब म्हणाले, प्रत्यक्षात काम तर तुम्हीच करत होतात, मागचं पत्र द्यायचं राहून गेलं होतं, आम्ही फक्त ते पुरं करतोय. गुरुवारी एवढंच सांगायचं की पुस्तिका तुम्ही तयार केली. कंपनी तुमच्या पाठीशी आहे. इथं पोच म्हणून सही करा.

तिनं विचार करायला वेळ मागितला. साहेबांनी कॅलेंडरकडे पाहिलं आणि बुधवारपर्यंत वेळ दिला.

शनिवारी दुपारच्या सुट्टीत ती साईनाथदादांकडे गेली. ते म्हणाले, सही करू नको गो. तू टायपिस्ट. वरून आलं ते छापलंस. कागद तसंच बोलतो, पगार तसाच बोलतो. त्यात तू सुटतेस.

तेही खरं होतं. सही केली नाही तर ती टायपिस्ट, आणि टायपिस्टला कोणी काही विचारत नाही. पण मग सहा पुस्तिका कोणी लिहिल्या? फवारणी पंप नाकातोंडाला फडकं न बांधता मारू नका, हे छापून आल्यावर मुरबाडच्या बाजारात एका म्हाताऱ्यानं पुस्तिका लिहिणाराला नमस्कार सांगा असा निरोप पाठवला होता, तो कोणाला? चांगलं झालं की लेखक आणि वाईट झालं की टायपिस्ट, असं धरता येईल का? ती बसल्या जागी हाताचं नख कुरतडत राहिली. अंगठ्यातून रक्त आलं तेव्हा तिच्या लक्षात आलं.

रविवारी ती सावळीला भेटायला गेली. कोणाला सांगितलं नव्हतं. किन्हवलीच्या अलीकडे एसटीतून उतरली, गावातून वाट विचारली आणि कापलेल्या खाचरांच्या बांधावरून वाडीकडे चालू लागली. पर्समध्ये पुस्तिका होती. काय बोलायचं ते तिनं वाटेत चार वेळा ठरवलं, चार वेळा बदललं. वाडीच्या तोंडाशी एक म्हातारी लाकडं फोडत होती. रेश्मानं नाव विचारल्यावर तिनं कुऱ्हाडीनंच एका कुडाच्या घराकडे दाखवलं.

सावळी दाराशी बसली होती. पंचवीस-सव्वीसची, बारीक. उजव्या हाताला कोपरापर्यंत पांढरं बँडेज. नवरा जाणू आत चूल पेटवत होता, तो बाहेर आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला वाटलं सरकारी बाई आली. रेश्मानं सांगितलं की ती कारखान्यातून आली आहे. त्यावर दोघांचेही चेहरे बंद झाले.

ती खाली बसली. पर्समधून पुस्तिका काढली आणि म्हणाली की यंत्राबरोबर हे पुस्तक येतं, कोणी वाचून दाखवलं होतं का?

“आमाला कोन वाचून दावनार?” सावळी म्हणाली. “पुस्तक मालकाच्या घरात. मालकानं मोटर बंद केली. बोलला, घाल हात.”

रेश्मानं विचारलं, ड्रम फिरत होता ते कळलं नाही का? सावळीनं डाव्या हातानं हवेत एक चौकोन काढला. वर पत्रा, बाजूला पत्रा, झाकणाच्या आत अंधार आणि पेंढा. मोटरचा आवाज बसला होता. दुसऱ्या खळ्यावरचं मशीन चालूच होतं, त्याच्या आवाजात आतलं काय ऐकू येणार?  त्या पुढचं तिनं सांगितलं नाही आणि रेश्मानं विचारलं नाही.

जाणूनं पुस्तिका हातात घेतली, उलटसुलट पाहिली, यंत्राचं चित्र असलेल्या पानावर थोडा वेळ थांबला आणि परत दिली. रेश्माच्या डोक्यात इतके दिवस एकच गोष्ट होती, की ती चार वाक्यं छापली असती तर. आता त्या कुडापुढे बसून तिला दिसलं की ती चार वाक्यं छापली असती तरी मालकाच्या घरात, फडताळात राहिली असती. सावळीपर्यंत ती पोचलीच नसती. यानं तिचं ओझं हलकं व्हायला हवं होतं. झालं उलटंच. आपण साठपर्यंत आकडे मोजायला लिहिलं, पण हात घालणारी बाई वाचते का, हे आपण एकदाही विचारलं नाही. वडिलांना वाचायला येत होतं म्हणून सगळ्या वाचणाऱ्यांच्या जागी तिनं वडिलांनाच बसवलं होतं.

सावळी तिच्याकडे बघत होती. म्हणाली, “ह्ये तू लिवलंस काय?”

टायपिस्ट आहे, असं सांगता आलं असतं. खोटंही ठरलं नसतं. रेश्मा म्हणाली, “हो. मी लिहिलं.”

“मंग तुला ठावं होतं, तो फिरत राहतो?”

“होतं.”

“ठावं होतं तर सांगायला का नाय आलीस?”

सावळीच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.  यंत्र विकलं की तिथं जाऊन सांगणं कोणाचं काम, हे कारखान्यात कधी कोणी बोललंच नव्हतं.  निघताना जाणूनं तिला पाण्याचा तांब्या दिला. ती प्यायली आणि परत निघाली. एसटी यायला तास होता. थांब्यावरच्या दगडावर ती बसून राहिली आणि तिला हुंदका आवरेना.

बुधवारी तिनं साहेबांपुढे पत्र ठेवलं. पोच म्हणून सही केली होती. सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘पद मान्य. तारीख मान्य नाही. पुस्तिका छापली तेव्हा मी टंकलेखक होते.’ खाली त्या दिवसाची तारीख. साहेबांनी वाचलं. त्यांचा चेहरा लाल झाला, पण आवाज चढला नाही. ते म्हणाले, तुम्हाला कळतंय ना काय करताय? ती म्हणाली, नाही साहेब, पूर्ण नाही कळत. आणि ते खरंच होतं. 

गुरुवारी अकराला चौकशी सुरू झाली. अधिकारी मध्यमवयाचे, शांत. त्यांनी यंत्र पाहिलं, स्वतः बंद करून आकडे मोजले, मग वर येऊन मीटिंगच्या खोलीत बसले. एका बाजूला साहेब आणि शेखर सर, समोर रेश्मा. त्यांनी पुस्तिका टेबलावर ठेवली आणि विचारलं की पान सात कोणी लिहिलं.

साहेब म्हणाले, आमच्या तांत्रिक लेखक आहेत, मजकुराची जबाबदारी त्यांची. शेखर सर मधेच म्हणाले की मजकूर इंजिनीअरिंगचाच असतो, मॅडम भाषा सुधारतात. साहेबांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. शेखर सरांना ते उशिरा कळलं, पण कळल्यावरही त्यांनी शब्द मागं घेतला नाही. यंत्राबद्दलचं वाक्य दुसऱ्या कोणाचं आहे हे त्यांना चौकशीतसुद्धा कबूल करवेना.

अधिकाऱ्यांनी दोन्ही म्हणणी लिहून घेतली. पेन खाली ठेवलं. म्हणाले, “मला एक सांगा. यंत्र यांचं, तपासणी यांची, पुस्तिका तुमची. मग हा टेक्निकल रायटर नक्की करतो काय?”

खोलीत पंखा फिरत होता.  रेश्माला कँटीनमधला वाद आठवला नाही, जाहिरातही आठवली नाही. तिला सावळीनं डाव्या हातानं हवेत काढलेला चौकोन दिसत होता.

“साहेब, यंत्र बनवणारा आणि यंत्रात हात घालणारा, यांची कधी भेट होत नाही,” ती म्हणाली. “मधे मी असते. हात घालणाऱ्याला काय माहीत नाही, ते शोधायचं आणि त्याला कळेल असं सांगायचं, एवढंच माझं काम. अर्धं मी केलं होतं.”

तिनं फाइलमधून लाल रेघांचं पान काढून पुढे ठेवलं. वाक्य मी लिहिलं होतं, ती म्हणाली. ते खोडलं गेलं. खोडलेलं पान छापायला मीच दिलं. ते छापलं असतं तरी त्या बाईपर्यंत गेलं नसतं, कारण तिला वाचता येत नाही, आणि हे मी रविवारपर्यंत विचारलं नव्हतं. हे सगळं लिहून घ्या.

शेखर सर त्या पानाकडे बघत होते. लाल रेघ त्यांच्याच पेनाची होती. अधिकाऱ्यांनी विचारल्यावर ते म्हणाले, हो, मी खोडलं. तेवढंच. 

पुढचे चार महिने रेश्मानं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. परवानगीशिवाय कंपनीचा कागद बाहेरच्यांना दाखवल्याबद्दल तिला मेमो मिळाला. रोज सकाळी गेटवर वॉचमन आत सोडतो की नाही, ही तिला धास्ती असायची. साईनाथदादा सोडले तर कँटीनमध्ये तिच्या टेबलावर कोणी बसेना. शेखर सर जिन्यात भेटले तर मान खाली घालून बाजूनं जायचे. तिनं शहापूरला टायपिंग क्लासमध्ये शिकवायला घेतील का, तेही विचारून ठेवलं. घरी आई म्हणायची, तुला काय गरज होती गो. वडील मात्र सकाळी एसटीपर्यंत तिच्याबरोबर चालत यायचे, हे ते आधी कधी करत नव्हते.

चौकशीचा अहवाल मार्चमध्ये आला. झाकण ड्रम थांबण्याआधी उघडतं हा यंत्राचा दोष, आणि पुस्तिकेतली सूचना अपुरी, असं त्यात म्हटलं होतं. विकलेली सगळी यंत्रं परत बोलावून त्यांच्या झाकणाला कडी बसवायला सांगितलं होतं. सावळीला नुकसानभरपाई द्यायची होती. ती दोन हप्त्यांत मिळाली. बोटं गेलेल्या हातानं तिला लावणी जमत नव्हती, त्यामुळे ती वाडीतल्या बायकांची मुलं सांभाळायची आणि जाणू एकटा मजुरीला जायचा. भरपाईनं ते बदललं नाही.

अहवालात शेवटी एक प्रश्न होता. यापुढे सूचनांच्या मजकुराला जबाबदार कोण, हे कंपनीने लेखी कळवावे. त्या प्रश्नामुळे एप्रिलमध्ये रेश्माला दुसरं पत्र मिळालं. तांत्रिक लेखक. तारीख त्याच दिवसाची होती. पगारात फरक नव्हता. साहेबांनी ते शिपायाच्या हाती पाठवलं, स्वतः बोलावलं नाही. तिनं वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि कामाला लागली. या वेळी आनंद झाला नाही. आता चूक झाली तर ती कागदोपत्रीही आपलीच, हे तिच्या मनात आधी आलं.

जूनमध्ये एके दिवशी शेखर सर तिच्या टेबलापाशी आले. हातात नव्या कडीचं ड्रॉइंग होतं. ते ठेवून म्हणाले, “हे बघून सांग. कुठं अडेल?” ती ड्रॉइंग वाचू शकत नव्हती, त्यांना ते माहीत होतं. मग दोघं वर्कशॉपमध्ये गेले आणि साईनाथदादांनी कडी बसवून दाखवली. मागच्या गोष्टीबद्दल ते त्या दिवशी बोलले नाहीत, पुढेही नाहीत.

रेश्मानं साहेबांना लेखी कळवलं की सूचना पुस्तकाबरोबरच यंत्रावरही हवी, झाकणाच्या अगदी वर, चित्रात. चित्र शेखर सरांनी काढलं. एक माणूस, मोटरचं बटण, फिरणारा ड्रम, मग थांबलेला ड्रम, मग हात. छापायला टाकण्याआधी ते दाखवायला ती सप्टेंबरात वाडीवर गेली. रविवारी, स्वतःच्या वेळेत. सावळी तिला पाहून उठली नाही, पण बसायला गोणपाट सरकवलं.

सावळीनं चित्र मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ पाहिलं. डाव्या हाताचं बोट एका चौकटीवरून दुसऱ्या चौकटीवर सरकत होतं. रेश्मा त्या बोटाकडे बघत होती. 

ड्रम थांबलेला कळतोय का, रेश्मानं विचारलं. सावळी म्हणाली, हां, त्यो कलतो. बटणही कलतं. मग तिनं चित्रातल्या माणसावर बोट ठेवलं. शर्ट, पँट, कंगव्यानं विंचरलेले केस.

“ह्यो बाप्या हाय,” ती म्हणाली. “बाप्या बटन दाबतो. हात आमी घालतो.”

रेश्मानं चित्राकडे पाहिलं. शेखर सर, साहेब, साईनाथदादा, ती स्वतः, चौघांनी ते पाहून मान्य केलं होतं. तिनं पर्समधून पेन्सिल काढली आणि सावळीच्या शेजारी सरकून बसली. पदर कसा खोचता, डोक्याला काय बांधता, झाकणापुढं उभं राहता की वाकता, असं एकेक विचारत ती लिहीत गेली. सावळी सांगत होती, मधेच तिचं लिहिणं थांबवत होती, तसं नाय, असं. तासाभरानं मागच्या घरातली ठकी म्हातारीही येऊन बसली आणि तिनं आणखी दोन चुका काढल्या.

परतीच्या एसटीत रेश्मानं कागद पुन्हा पुन्हा वाचला. सुगीला दीड महिना उरला होता. यंत्रं ऑक्टोबरात बाहेर पडणार होती, आणि अजून काय काय तिला दिसलेलं नाही, याचा ती शेणवा येईपर्यंत विचार करत होती.